गाडीचं ॲव्हरेज: वेगाचा आणि इंधनाचा हिशेब कसा लावायचा

गाडी घेतल्यावर पहिलं वर्षभर मला एकच प्रश्न छळत होता. कंपनीच्या कागदावर जे ॲव्हरेज छापलंय, ते मला का मिळत नाही? ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. कुणी म्हणे महागातलं पेट्रोल टाका. कुणी म्हणे साठच्या वर जाऊच नका. कुणी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायला सांगे. मी सगळंच एकदम सुरू केलं, आणि वर्ष संपलं तरी यातल्या कशाने फरक पडला ते मला सांगता येईना, कारण मी काहीच नीट मोजलं नव्हतं.

मग वही घेतली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं, आणि त्यामागचं थोडं गणित समजून घेतलं. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: बहुतेक नवे चालक इंधन कोणतं टाकायचं यावर जितका विचार करतात, त्याच्या निम्मा जरी वेगावर आणि ब्रेकवर केला, तरी जास्त पदरात पडतं.

हाताशी काय हवं

- गाडीसोबत आलेलं मॅन्युअल, आणि इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असलेलं स्टिकर
- एक छोटी वही, किंवा मोबाइलमध्ये नोंदी ठेवायची सोय
- इंधन भरल्याच्या पावत्या (त्यावर लिटरचा आकडा दशांशापर्यंत असतो, तोच लिहायचा)
- टायरची हवा मोजायचं साधं गेज
- वेग पडताळायला जीपीएस असलेला मोबाइल; तो शेजारी बसलेल्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही
- तीन-चार टाक्या संपतील इतका वेळ

## १. आधी सध्याचं ॲव्हरेज मोजा

काहीही बदलण्याआधी आत्ता जसं चालवता तसंच चालवून मोजा. पद्धत जुनीच आहे, टाकी ते टाकी. पंपावर नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडेपर्यंत टाकी भरा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव उरेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग जमलं तर त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. आता जितके लिटर गेले तितकेच तुम्ही मधल्या अंतरात जाळले. किलोमीटर भागिले लिटर, झालं ॲव्हरेज.

यात लोक कुठे चुकतात ते बघा. ऑटो कट झाल्यावर नोझल हलवून हलवून काठोकाठ भरायची सवय अनेकांना असते. प्रत्येक वेळी ते वेगवेगळं भरतं, त्यामुळे हिशेब चुकतो. शिवाय पेट्रोलच्या गाडीत टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो. त्यात पातळ पेट्रोल शिरलं की तो खराब होऊ शकतो. पहिल्या कटला थांबा.

दुसरी चूक म्हणजे एकाच टाकीवर निष्कर्ष काढणं. गाडी थोड्या चढावर उभी होती, नोझल जरा लवकर बंद पडलं, एवढ्यानेही आकडा हलतो. तीन टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्या.

आणि डॅशबोर्डवरचा आकडा? तो इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणाऱ्या झडपा) किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला अंदाज असतो. माझ्या गाडीत तो दर वेळी वहीपेक्षा चांगलाच दिसायचा. दोन सवयींची तुलना करायला तो चालतो, पण खरा आकडा म्हणून त्याच्यावर विसंबू नका. टायरचा आकार बदलला असेल तर ओडोमीटरसुद्धा चुकतो, हेही ध्यानात असू द्या.

कंपनीच्या आकड्याविषयीही इथेच सांगून टाकतो. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या पायाखाली तोच यावा अशी अपेक्षा ठेवली की नुसता मनस्ताप होतो.

## २. आकडा उलटा करून लिहा

ही पायरी लोक सोडून देतात, पण माझे बरेच गैरसमज हिच्यामुळेच गेले. वहीत 'किलोमीटर प्रति लिटर'च्या शेजारी '१०० किलोमीटरला किती लिटर' हाही आकडा लिहा. १०० भागिले ॲव्हरेज, एवढंच.

कारण असं. समजा तुम्ही १०० किमी गेलात तेव्हा गाडीने लिटरला १० दिले, आणि पुढच्या १०० किमीला २० दिले. सरासरी १५ वाटते. खरं तर पहिल्या टप्प्यात १० लिटर गेले, दुसऱ्यात ५. म्हणजे २०० किमीला १५ लिटर, सरासरी १३.३. टप्पे सारख्या अंतराचे असतील आणि ॲव्हरेजच्या आकड्यांची थेट बेरीज करून सरासरी काढली, तर ती खऱ्यापेक्षा जास्तच येते.

दुसरं उदाहरण. एक गाडी १० वरून १२ वर आली आणि दुसरी २० वरून २४ वर. दोन्हीत सुधारणा २० टक्केच. पण पहिलीने १०० किमीला १.६७ लिटर वाचवले, दुसरीने ०.८३. घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणारीकडे बघायचं, ते यासाठी.

## ३. वेग इंधन का खातो, हे एकदा समजून घ्या

सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात: टायरचा रस्त्याशी होणारा विरोध आणि हवा. टायरचा विरोध वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की हवा चौपट जोराने अडवते.

साधारण १२०० किलोची, मध्यम आकाराची गाडी धरून मी हिशेब केला. टायरचा विरोध सगळ्या वेगांना सुमारे १३० न्यूटन. हवेचा विरोध ताशी ६० ला सुमारे ११५ न्यूटन, ८० ला २०५, १०० ला ३२५ आणि १२० ला ४६५. म्हणजे साठच्या थोडं पुढे गेलं की हवा टायरला मागे टाकते, आणि त्यानंतर वाढलेला प्रत्येक किलोमीटरचा वेग मुख्यतः हवा ढकलण्यात खर्च होतो. (न्यूटनचा धाक वाटत असेल तर एक सोपी सांगड आहे: १ न्यूटन विरोधाविरुद्ध १ किलोमीटर जायला १ किलोज्यूल ऊर्जा लागते.)

मग अगदी हळू गेलं तर सगळ्यात कमी इंधन लागायला हवं. तसं होत नाही, कारण इंजिन नुसतं चालू ठेवायलाच इंधन लागतं. लहान-मध्यम पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जाळतं. हा खर्च तासावर आकारला जातो, अंतरावर नाही. तो ०.८ लिटर धरला, तर ताशी २० च्या वेगाने १०० किमी जायला ५ तास, म्हणजे ४ लिटर नुसते इंजिन जागं ठेवण्यात गेले. ताशी ८० ने तोच खर्च १ लिटर.

हे दोन्ही खर्च एकत्र केले की माझ्या कागदावरच्या गाडीला १०० किमीसाठी साधारण असे लिटर लागतात:

- ताशी २० किमी: ५.३
- ताशी ४० किमी: ३.६
- ताशी ६० किमी: ३.५
- ताशी ८० किमी: ४.०
- ताशी १०० किमी: ४.९
- ताशी १२० किमी: ६.०

हे कागदावरचे आकडे आहेत: सपाट रस्ता, वारा नाही, एसी बंद, मध्ये कुठे थांबणं नाही. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पण त्यांचा आलेख काढला तर आकार हाच येईल. खाली खोलगट, दोन्ही बाजूंना चढती. बहुतेक गाड्यांचा तळ ५० ते ८० च्या मध्ये कुठेतरी सापडतो. गाडी उंच आणि चौकोनी असेल तर तो अलीकडे सरकतो, बुटकी आणि निमुळती असेल तर थोडा पलीकडे.

प्रत्यक्ष मोजमापंही हेच सांगतात. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ७४ वाहनांची आकडेवारी तपासली. ताशी ५० मैलांवरून (सुमारे ८० किमी) ६० मैलांवर गेल्यावर ॲव्हरेज सरासरी १२.४ टक्क्यांनी उतरलं, ६० वरून ७० मैलांवर जाताना आणखी १४ टक्क्यांनी, आणि ७० वरून ८० ला आणखी १५.४ टक्क्यांनी. पायरी तेवढीच, पण दर पायरीला फटका मोठा. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली, तिच्यामागेही इंधन वाचवायचाच विचार होता.

आता वेळेचा हिशेब घाला, कारण घाई आहे म्हणूनच आपण वेग वाढवतो. १०० किमी अंतराला ८० वरून १०० वर गेलात तर १५ मिनिटं वाचतात आणि वरच्या हिशेबाने ०.९ लिटर जास्त जातं. १०० वरून १२० वर गेलात तर फक्त १० मिनिटं वाचतात आणि १.१ लिटर जास्त जातं. वेग जितका वाढवाल तितकं मिनिट महाग आणि मिनिटांची संख्या कमी. मला स्वतःला हे कागदावर बघितल्यावरच पटलं.

समोरून येणाऱ्या वाऱ्याचंही लक्षात घ्या. हवेला तुमचा रस्त्यावरचा वेग ठाऊक नसतो, तिला फक्त गाडी आणि वारा यांच्यातला फरक कळतो. समोरून ताशी २० चा वारा असताना १०० ने जाणं म्हणजे हवेच्या बाबतीत १२० ने जाणं. ज्या दिवशी ॲव्हरेज विनाकारण पडलं असं वाटतं, त्या दिवशी बऱ्याचदा वारा समोरून असतो.

## ४. तुमच्या गाडीचा योग्य वेग शोधा

वाहतूक कमी असेल अशा वेळी सपाट, सरळ, मोठा रस्ता निवडा. आधी किमान २० मिनिटं गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. टायरची हवा गाडी निघण्यापूर्वीच, टायर थंड असताना तपासलेली असावी.

मग रस्त्याच्या नियमात बसणारे तीन वेग ठरवा, उदाहरणार्थ ७०, ८५ आणि १००. एका वेगावर स्थिर झालात की डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा शून्य करा आणि १० किमी त्याच वेगाने जा. आकडा लिहा (किंवा शेजारच्याला लिहायला सांगा). परत येताना तेच करा, तेच अंतर, तोच वेग. जाता-येताचे दोन्ही आकडे १०० किमीच्या लिटरमध्ये बदलून मग सरासरी काढा. वारा आणि चढ-उतार अशाने बऱ्यापैकी कटतात. एकाच दिशेने केलेली चाचणी मी आता बाजूलाच ठेवतो.

वेगाचा काटा मात्र जीपीएसशी ताडून बघा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, जास्त दाखवायला मात्र बरीच मुभा असते. त्यामुळे काट्यावरचे १०० प्रत्यक्षात ९५ असणं अगदी सर्वसाधारण आहे.

एक इशारा मनापासून देतो. ज्या रस्त्यावर सगळे ९० ने जात आहेत तिथे इंधनासाठी ५० ने रेंगाळू नका. मागून येणाऱ्याला तुमच्या वेगाचा अंदाज येत नाही आणि अपघात तिथेच होतात. मोठ्या वाहनाच्या मागे चिकटून 'हवेचा आडोसा' घेण्याचा सल्लाही कुणी देईल. हवा खरोखरच कमी लागते, पण समोरच्याने ब्रेक मारला तर तुमच्याकडे थांबायला जागा नसते. तो सल्ला ऐकू नका.

सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल कामाचा आहे. डोंगरी रस्त्यावर तो वेग राखण्यासाठी चढावर जोर लावतो. तिथे पायानेच चालवा आणि चढावर वेग थोडा पडू द्या.

## ५. ब्रेकचा खर्च ओळखा

शहरातल्या ॲव्हरेजचं खरं दुखणं इथे आहे. १२०० किलोची गाडी ताशी ८० ने जात असते तेव्हा तिच्या अंगात सुमारे ३०० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वरच्या हिशेबात याच गाडीला ८० ने एक किलोमीटर जायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागत होते. म्हणजे ८० वरून शून्यावर ब्रेक मारून थांबलात की जवळजवळ ९०० मीटरचा प्रवास ब्रेकच्या उष्णतेत गेला. पेट्रोलमध्ये मोजलं तर साधारण २५ मिलिलिटर. असे ४० ब्रेक म्हणजे एक लिटर.

म्हणून नजर लांब ठेवा. पुढचा सिग्नल लाल आहे हे २०० मीटरवरून दिसत असेल तर एक्सीलरेटरवर पाय ठेवून तिथपर्यंत जाण्यात काही मिळवायचं नसतं. पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या आणि वेग हळूहळू उतरू द्या. सिग्नल सुटला तर तुम्ही अजून चालतेच असाल.

गिअरमध्येच का, तेही सांगतो, कारण न्यूट्रलचा सल्ला सगळीकडे मिळतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत त्याला थोडा अर्थ होता. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पुरेसा असला, तर कॉम्प्युटर इंजिनाला इंधन देणंच थांबवतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की तेच इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे इंधन पुन्हा सुरू. शिवाय उतारावर इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन्हीकडून तोटाच.

वेग घेताना कासवासारखं घ्यावं असंही नाही. पेट्रोल इंजिन कमी आरपीएमवर, बऱ्यापैकी भाराखाली असताना जास्त कार्यक्षम असतं. एक्सीलरेटर अगदी हलका दाबला की इंजिनाला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (हवा आत सोडणाऱ्या झडपेतून) हवा ओढावी लागते आणि त्यातच शक्ती वाया जाते. तेव्हा मध्यम जोराने वेग घ्या आणि गिअर लवकर वर टाका. पेट्रोलला २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास, डिझेलला त्याहूनही अलीकडे. गाडी थरथरायला लागली, घुसमटल्यासारखा आवाज आला, तर गिअर फारच लवकर टाकला असं समजा आणि एक खाली घ्या.

हायब्रिड गाडी असेल तर ब्रेकमधली काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. शहरात हायब्रिड इतकी चांगली का चालते, त्याचं मोठं कारण हेच.

## ६. इंधन निवडताना आधी मॅन्युअल उघडा

आता इंधन. इथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून एकेक घेऊ.

ऑक्टेन. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपणहून, अवेळी पेटायला किती विरोध करतं, त्याचं ते माप आहे. मापाची दोन टोकं ठरलेली आहेत: एन-हेप्टेनला ० आणि आयसो-ऑक्टेनला १००. अवेळी पेटण्यालाच आपण नॉकिंग म्हणतो, चढावर जोर दिला की इंजिनातून येणारी ती टकटक.

ज्या इंजिनात दाब जास्त असतो, म्हणजे उच्च कॉम्प्रेशनची किंवा टर्बोची इंजिनं, त्यांना जास्त ऑक्टेन लागतं. साध्या इंजिनाला, ज्याच्या मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलंय, त्याला ९७ दिलं म्हणून त्यातून जास्त ऊर्जा निघत नाही. लिटरमागची ऊर्जा जवळपास तेवढीच असते. मी वर्षभर महागडं पेट्रोल भरत होतो. पुढे वही घेऊन चार टाक्या त्याच्या आणि चार साध्याच्या अशा मोजल्या, तेव्हा दोन्हींतला फरक मोजणीच्या चुकीएवढाही निघाला नाही.

उलट परिस्थितीतही फसू नका. मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन 'आवश्यक' लिहिलं असेल आणि तुम्ही कमी भरलंत, तर नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे सरकवून इंजिन वाचवायचा प्रयत्न करतो. त्यात ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही उतरतात, आणि मोठ्या भाराखाली इंजिनाला इजाही होऊ शकते. 'शिफारस' लिहिलं असेल तर कमी ऑक्टेनवर गाडी सुरक्षित चालते, फक्त थोडी मंदावते. हे दोन शब्द नीट वाचा.

आणखी एक सापळा: आकड्याची पद्धत. बऱ्याच देशांत पंपावर 'रॉन' (रिसर्च ऑक्टेन नंबर) आकडा असतो. अमेरिकेत रॉन आणि 'मॉन' (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन मापांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे रॉनमध्ये साधारण ९१ ते ९२. बाहेरून आलेल्या गाडीचं मॅन्युअल वाचताना किंवा परदेशात गाडी भाड्याने घेताना, आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघा.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथे मात्र ॲव्हरेजवर खरोखर परिणाम होतो, आणि त्यात कुणाची लबाडी नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. १० टक्के मिश्रणात (ई१०) लिटरमागची ऊर्जा साधारण ३ टक्क्यांनी कमी होते, २० टक्के मिश्रणात (ई२०) सुमारे ७ टक्क्यांनी, आणि ८५ टक्क्यांच्या मिश्रणात (ई८५) जवळजवळ ३० टक्क्यांनी. इथेनॉलचं ऑक्टेन मात्र खूप जास्त असतं. त्याचा फायदा घेता येईल असं बनवलेलं इंजिन यातला काही भाग भरून काढतं.

मिश्रणाची टक्केवारी तुमच्या गाडीला चालते का, हे झाकणाच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. ई८५ फक्त त्यासाठी बनवलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्यांतच टाकायचं. जुन्या गाड्यांतले रबरी भाग आणि नळ्या जास्त इथेनॉलसाठी बनवलेल्या नसतात.

डिझेल. डिझेलच्या लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास जास्त. डिझेल इंजिनाला दाब जास्त असतो आणि हवा अडवणारा थ्रॉटल पेट्रोलसारखा वापरावा लागत नाही, त्यामुळे कमी भारावरही ते कार्यक्षम राहतं. म्हणून डिझेलचं ॲव्हरेज डोळ्यांत भरतं. पण त्यातला एक हिस्सा लिटरच जड असल्यामुळे आलेला आहे.

तुमचा रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर आधुनिक डिझेल घेण्याआधी थांबा. तिच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, आणि तो साफ व्हायला गाडी बराच वेळ चांगली तापलेली लागते. छोट्या फेऱ्यांत तो साफ होत नाही, पुन्हा पुन्हा जास्तीचं इंधन जाळून स्वतःला स्वच्छ करायचा प्रयत्न करतो, आणि शेवटी तुंबतो.

सीएनजी आणि एलपीजी. सीएनजी किलोने मिळतो. एका किलोत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, त्यामुळे 'किलोला ३०' आणि 'लिटरला २०' हे ऊर्जेच्या हिशेबाने जवळजवळ सारखंच झालं. एलपीजी लिटरने मिळतो, आणि त्याच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या पाऊणपटीहून थोडी जास्त ऊर्जा असते. या गाड्या बहुधा पेट्रोलवर सुरू होतात आणि थोडं तापल्यावर गॅसवर जातात. अगदी छोट्या फेऱ्या असतील तर पेट्रोलही बऱ्यापैकी जातं, तेही वहीत धरा.

चुकीचं इंधन पडलं तर. डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं, किंवा पेट्रोलच्या गाडीत डिझेल, तर इंजिन सुरू करू नका. किल्ली फिरवून नुसतं इग्निशनही देऊ नका, कारण काही गाड्यांत तेवढ्यानेच पंप चालू होतो. डिझेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पेट्रोल त्याला कोरडं पाडतं. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करायला मेकॅनिक बोलवा.

## ७. इंधनांची तुलना किलोमीटरमागच्या खर्चावर करा

दोन इंधनांत निवड करायची असेल तर ॲव्हरेज बाजूला ठेवा. त्या इंधनाच्या एका लिटरचा (किंवा किलोचा) भाव घ्या आणि त्याला तुमच्या वहीतल्या त्या इंधनाच्या ॲव्हरेजने भागा. जो आकडा लहान तो स्वस्त. समजा महागडं पेट्रोल साध्यापेक्षा ८ टक्के महाग आहे, तर तुमचं ॲव्हरेज किमान ८ टक्के वाढायला हवं, तरच बरोबरी. ई८५ चं उलट: ते पेट्रोलपेक्षा साधारण ३० टक्के स्वस्त असेल तरच परवडतं.

इंधन बदलताना पहिली टाकी मोजणीत धरू नका, आधीचं इंधन त्यात मिसळलेलं असतं. नंतरच्या तीन टाक्या मोजा. आणि त्याच महिन्यात वेगाची सवयही बदलू नका. माझं पहिलं वर्ष वाया गेलं ते याच चुकीने.

## ८. उरलेल्या गोष्टी

टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे ठेवा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. चारही टायरमध्ये दर १ पीएसआय कमतरतेमागे ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के उतरतं. आकडा लहान वाटतो, पण टायर १० पीएसआय उतरलेला असतानाही बरेच लोक गाडी चालवत असतात, आणि तिथे प्रश्न इंधनापेक्षा सुरक्षिततेचा होतो.

छतावरची पेटी आणि कॅरिअर काम झालं की काढा. महामार्गाच्या वेगाला छतावरची मोठी पेटी १० ते २५ टक्के ॲव्हरेज खाऊ शकते. सामान डिकीत मावत असेल तर डिकीतच.

शहरात हळू चालवताना खिडक्या उघड्या चालतात. महामार्गावर काचा बंद करून एसी लावा. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, म्हणून दोन-तीन छोटी कामं एकाच फेरीत करा. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवायची गरज नाही. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा, इंजिन चालतानाच लवकर तापतं.

इंधनाच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, सॉकेटमध्ये खोचायच्या 'इंधन बचत' डब्या, यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी १०० हून अधिक साधनं तपासली आहेत, आणि ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही त्यांना सापडलं नाही.

## ९. वही चालू ठेवा, आणि अचानक घसरण झाली तर असं करा

सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की गाडीचा नेहमीचा पट्टा कळतो. माझ्या गाडीत तो थंडीत थोडा खाली येतो आणि लांबच्या प्रवासात वर जातो. या पट्ट्याच्या बाहेर सलग दोन टाक्या १० टक्क्यांहून जास्त घसरल्या, तर आधी स्वतःला विचारा: पंप बदलला का? इंधनाचं मिश्रण बदललं का? छतावर काही आहे का? रस्ता बदलला का?

या सगळ्यांचं उत्तर 'नाही' असेल तर गाडीत काहीतरी बिघडलंय. पहिला संशय अडकलेल्या ब्रेकवर घ्या. दहा-पंधरा मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, सुरक्षित जागी थांबा आणि चाकाला स्पर्श न करता हात प्रत्येक चाकाच्या फक्त जवळ नेऊन बघा. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही. दुसरा संशय थर्मोस्टॅटवर (इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेवर): लांब चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल तर तो उघडाच अडकलेला असू शकतो. मग इंजिन थंडच राहतं आणि इंधन जास्त मागतं. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर ऑक्सिजन सेन्सरपासून सुरुवात करायला सांगा. एअर फिल्टर तर नेहमीच्या सर्व्हिसमध्ये बघायचाच असतो.

गॅरेजमध्ये जाताना वहीचं ते पान सोबत घ्या. 'ॲव्हरेज कमी झालंय' एवढंच सांगितलं की मेकॅनिकला काहीच धरायला मिळत नाही. कोणत्या तारखेपासून, किती लिटरने, कोणत्या रस्त्यावर, हे लिहिलेलं दाखवलंत तर कुठून शोधायचं ते त्याला तिथेच ठरवता येतं. मला मागच्या उजव्या चाकाचा अडकलेला ब्रेक असाच सापडला.